कंबर नव्हे, कुल्ला! नेमकी जागा ओळखून तिथल्या स्नायूंना कामाला कसं लावायचं

"कंबर दुखतेय हो मॅडम."

सकाळपासून हेच सांगणाऱ्या या तिसऱ्या काकू. मी म्हटलं, "हात लावून दाखवा बरं." काकूंनी आधी दाराकडे बघितलं, बाहेर बाकावर जावई बसलेला. मग हात मागे नेला. तो कमरेवर थांबलाच नाही, खाली घसरत गेला आणि पार तिथे टेकला. "इथं. बसायच्या जागी."

कंबर त्याच्या चांगली वीतभर वर राहिली होती. पण काकूंकडे कमरेचा एक्स-रे होता, कमरेचा पट्टा होता आणि कमरेला लावायचं मलमही होतं. दुखत होता कुल्ला.

तालुक्याच्या गावात फिजिओथेरपी करताना हा प्रसंग मी इतक्यांदा बघितलाय की आता आधी शब्दांचीच शिकवणी घेते आणि मग व्यायामाची. इथेही तोच क्रम ठेवते.

आधी शब्द

घरात लहान मुलाला आपण बिनदिक्कत "ढुंगण धुऊन देते, चल" म्हणतो. तेच मूल दहा-बारा वर्षांचं झालं की शब्द घाण होतो. मग पुढची साठ वर्षं तो माणूस "कंबर", "मागची बाजू" किंवा "बसायची जागा" म्हणत राहतो. नितंब शब्द कवींनी असा काही वापरलाय की "माझा उजवा नितंब ठणकतोय" असं कुणी म्हणूच शकत नाही. पार्श्वभाग वर्तमानपत्राचा. शिंपी "सीट किती ठेवू?" विचारतो, जिमवाला "ग्लूट्स" म्हणतो. हा ग्लूट ज्या ग्रीक शब्दातून आला त्याचा अर्थ ढुंगण असाच आहे. म्हणजे परदेशी झाला की शब्द सोवळा!

आपलं सोवळं तसं जुनं नाही. सुश्रुतानं पाठीकडची मर्मं मोजताना नितंब, कुकुंदर, कटीकतरुण अशी जवळजवळच्या जागांना वेगवेगळी नावं दिली. आपण मात्र सगळं मिळून "कंबर" करून टाकलं.

दुखणं सांगण्यासाठी मला सगळ्यात कामाचा वाटतो तो कुल्ला. ढुंगण म्हणजे सगळं मिळून; कुल्ला म्हणजे एक बाजू. डावा कुल्ला, उजवा कुल्ला असं नेमकं सांगता येतं, आणि डॉक्टरांना नेमकंच हवं असतं. (हिंदी व्हिडिओ बघून व्यायाम करणाऱ्यांसाठी: तिकडे कूल्हा म्हणजे बहुतेकदा आपला खुबा, आणि कुल्ला करणं म्हणजे चूळ भरणं.)

नकाशा: हात लावून बघा

उभे राहा. पँटचा पट्टा किंवा परकराची नाडी जिथे टेकते तिथे दोन्ही बाजूंना हाडाची कड लागते. शेवटच्या बरगडीपासून त्या कडेपर्यंत मागे जी जागा, ती कंबर. कडेच्या खाली मागच्या बाजूला कुल्ला सुरू होतो आणि मांडीच्या घडीपाशी संपतो. दोन्ही कुल्ल्यांच्या मध्ये, अगदी टोकाला, माकडहाड.

आता मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कुशीवर झोपल्यावर गादीत रुततं ते टणक हाड चाचपा. यालाच सगळे खुबा म्हणतात. पण ते मांडीच्या हाडाचं बाहेर आलेलं टोक आहे. खुब्याचा खरा सांधा आत खोल, जांघेच्या मागे असतो. म्हणून सांधा बिघडला की दुखणं बहुधा जांघेत येतं. जांघेत दुखतं आणि मांडी घालून बसवत नाही, अशी तक्रार असेल तर या लेखातले व्यायाम राहू द्या, आधी सांधा तपासून घ्या.

शेवटची खूण. टणक खुर्चीवर तळहात वर करून ठेवा आणि त्यांवर बसा. बोटांना दोन टोकदार हाडं टोचतील, ती बसायची हाडं. आपण बसतो ते या हाडांवर. बसताना मोठा स्नायू त्यांच्यावरून बराचसा वर सरकतो. बसून बसून नेमकं त्या टोकांवरच दुखत असेल, तर ते दुखणं कुल्ल्याच्या मांसाचं नसून तिथल्या दाबाचं असू शकतं.

तीन भाऊ

कुल्ल्यात एकावर एक तीन स्नायू आहेत. वरचा मोठा, म्हणजे अख्ख्या शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू. ओटीपोटाच्या हाडाची मागची बाजू आणि माकडहाड इथून निघून तो मांडीच्या हाडाला आणि मांडीच्या बाहेरच्या जाड पट्टीला जोडलेला असतो. मांडी मागे नेणं, बसलेलं अंग उभं करणं, चढ चढणं आणि पळणं ही त्याची कामं. गंमत अशी की सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना त्याला फारसं काही करावंच लागत नाही. "मी रोज पाच किलोमीटर चालते, मग माझे कुल्ले कमजोर कसे?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच. तेच पाच किलोमीटर दिवेघाटात चाला, दुसऱ्या दिवशी हा भाऊ स्वतः बोलेल. वारकऱ्यांना विचारा.

मधला हाडाच्या कडेखाली, बाजूला असतो. धाकटा त्याच्याखाली दडलेला, तो हाताला लागत नाही. या दोघांची मुख्य जबाबदारी एकच: एका पायावर उभं असताना दुसरी बाजू खाली पडू न देणं. चालताना दर पावलाला आपण क्षणभर एका पायावरच असतो, त्यामुळे हे दोघे दिवसभर राबतात, आणि चाळिशीनंतर, बायकांमध्ये जास्त करून, यांचेच कंडरे (स्नायू हाडाला बांधणारे दोर) दुखायला लागतात. त्या बाजूवर झोपवत नाही, जिना चढताना बाहेरून चमक येते. ते दुखणं यांचं.

मधल्याला शोधणं सोपं. बोटं त्या कडेखाली बाजूला रुतवून ठेवा आणि त्याच बाजूच्या पायावर उभे राहा. बोटांखाली घट्ट होतो तो हा.

"कमरेत इंजेक्शन दिलं" हेही असंच. कमरेत कुणी देत नाही, कुल्ल्यात देतात. तेही कुठेही नाही. पायात उतरणारी मोठी नस कुल्ल्याच्या आतल्या-खालच्या भागातून जाते, म्हणून पारंपरिक जागा वरचा-बाहेरचा चतुर्थांश. तान्ह्या बाळांना तर कुल्ला टाळून मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूलाच लस देतात.

व्यायामाआधी थांबायची कारणं

घाबरवायचं नाही, पण हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, तर ते कुल्ल्याचं दुखणं नाही. मणक्यातल्या नसा दबल्याची ती खूण असू शकते, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वयस्कर माणूस पडलं आणि पायावर भार टाकता येत नाही, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो, तर मालिश करू नका, उठवून चालवूही नका. खुब्यापाशी हाड मोडलेलं असू शकतं. ताप, कारण नसताना वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, गुडघ्याखाली उतरणारी कळ आणि पावलात अशक्तपणा, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर. सांधा बदललेल्यांनी आणि गरोदर बायकांनी विचारून करावं.

तपासणी: आपण कुठे आहोत?

*खुर्ची.* साधारण १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर फुलीसारखे. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा होतं ते मोजा. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या तक्त्यात ६० ते ६४ वयात बाईला १२ आणि पुरुषाला १४ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीखाली धरतात. ७० ते ७४ मध्ये हेच आकडे १० आणि १२. यात मांडीचा जोरही मोजला जातो, पण सुरुवातीला एवढं पुरतं. हाताचा आधार घेतल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही तर लाजू नका, आकडा शून्य लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी पुन्हा लिहायचाय.

*आरसा.* हाडाच्या कडेवर ओढणी घट्ट बांधा, म्हणजे आडवी रेघ दिसेल. भिंत हाताशी ठेवून डाव्या पायावर ३० सेकंद उभे राहा. उजवीकडची ओढणी खाली उतरली, की डाव्या कुल्ल्यातला मधला भाऊ कमी पडतोय. हे लक्षण जर्मन शल्यविशारद फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली नोंदवलं, आणि आजही आम्ही पेशंटला एका पायावर उभं करतो ते त्यासाठीच. एक चोरी मात्र पकडा: ओढणी सरळ राहिली पण अख्खं धड उभ्या पायाच्या बाजूला झुकलं, तर तोही अशक्तपणाच.

आता कामाला लावू

समाजमाध्यमांवर "झोपलेले कुल्ले जागे करा" असं फार चालतं. स्नायू झोपत नाही. त्याची नस शाबूत आहे, तो आदेश पाळतो. आपण त्याला जोराचं काम देत नाही आणि शेजारचे स्नायू त्याचं काम उरकून घेतात, एवढंच.

१. आवळणे. पालथे झोपा किंवा उभे राहा. दोन्ही हात कुल्ल्यांवर. आवळा, पाच सेकंद धरा, सोडा, असं १० वेळा. श्वास कोंडू नका, दात खाऊ नका. दोन्ही बाजू सारख्या घट्ट होतात का ते तळहाताला विचारा. एक बाजू मागे राहत असेल तर तिला चार वेळा जास्त. एसटीची वाट बघतानाही करता येतं, कुणाला कळत नाही. पण यानं ताकद वाढत नाही, फक्त पत्ता सापडतो. दोन आठवडे करा आणि मग सोडा.

२. पूल. उताणे झोपा, गुडघे दुमडून पावलं जमिनीवर. योगवर्गातलं सेतुबंध करणारे इथे हटकून चुकतात. त्यात छाती हनुवटीकडे न्यायची असते, पाठ कमानीसारखी होते. आपल्याला ती कमान नकोय. बरगड्या खाली राहू द्या, आधी कुल्ले आवळा, मग टाचांवर जोर देऊन उचला, आणि खांदा, खुबा, गुडघा एका रेषेत आले की थांबा. त्याच्या वर जाल ते कमरेच्या खर्चानं. पाच सेकंद धरून सावकाश खाली. १० वेळा, दोन फेऱ्या. मांडीच्या मागे गोळा आला तर टाचा ढुंगणाकडे चार बोटं जवळ ओढा. २० वेळा सहज व्हायला लागलं की एक पाय लांब करून दुसऱ्यावर.

३. कुशीवर पाय उचलणे. मधल्या भावासाठी, आणि सगळ्यात जास्त चुकीचा केला जाणारा. पाठ भिंतीला टेकवून कुशीवर झोपा, खालचा गुडघा दुमडा. वरच्या पायात मोजा घाला, टाच भिंतीला लावा आणि ती भिंतीवरून घासत वर न्या. दीड वीत पुरे. पायाची बोटं छताकडे वळली की काम मांडीच्या पुढच्या स्नायूकडे जातं, म्हणून बोटं समोर, किंचित जमिनीकडे. कुठे भरून येतंय ते बघा: पँटच्या मागच्या खिशाच्या वर, बाजूला आलं तर बरोबर, पुढच्या खिशापाशी आलं तर टाच भिंतीवरून सुटलीय. एका बाजूला १० ते १२. बाहेरच्या हाडावर आधीच दुखत असेल तर कुशीवरचा हा प्रकार सध्या सोडा आणि आरशासमोर एका पायावर उभं राहण्याचाच सराव करा, भिंतीला बोट लावून.

४. खुब्यातून वाकणे. माझ्या मते हा एकच शिकलात तरी लेख वसूल. बहुतेकजण वाकतात कंबरेतून, पाठ गोल करून. वाकायचं खुब्यातून, आणि तसं वाकणं आपल्याला येतंच. दोन्ही हातांत भांडी असताना फ्रिजचं दार कसं बंद करता? ढुंगणानं मागे लोटून. तीच हालचाल.

झाडूचा लांब दांडा पाठीवर उभा धरा. डोक्याची मागची बाजू, खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडा टेकला पाहिजे. भिंतीकडे पाठ करून एका पावलाच्या अंतरावर उभे राहा. गुडघे किंचित सैल. आता ढुंगण मागे, भिंतीला लागेपर्यंत, जसं काही तिथे फ्रिजच आहे. तीनपैकी एकही टेक सुटू द्यायचा नाही. मांडीच्या मागे ताण आला की टाचांनी जमीन ढकलत कुल्ले आवळून उभे राहा. जमलं की भिंतीपासून चार बोटं आणखी लांब.

मी एकदा दांडा देऊन एका आजोबांना हे शिकवत होते. त्यांच्या पत्नी बाजूला बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, भात लावताना आम्ही असंच तर वाकायचो." उठून करून दाखवलं. पाठ पाटीसारखी सरळ, ढुंगण मागे. आजोबांना जमायला तीन खेपा लागल्या.

पुढे पाण्याची बादली, कुकर, नातवंड, जे काही जमिनीवरून उचलाल ते असं. घरगुती सिलिंडर मात्र नको: १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचं तेवढंच वजन, तो तिरपा करून गोल फिरवत न्यायचा.

५. खुर्चीची बैठक. तालमीतली बैठक वेगळी, हे आधी सांगते. जोर-बैठकांमध्ये टाचा उचलल्या जातात, गुडघे पुढे येतात, धड सरळ राहतं; भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जास्त. उत्तम व्यायाम, पण पन्नास बैठका मारणाऱ्या पोराचेही कुल्ले पूल करताना थरथरताना मी बघितलेत. आपली बैठक खुर्चीची. पावलं खांद्याएवढी रुंद, टाचा पूर्ण टेकलेल्या. चौथ्या व्यायामासारखं ढुंगण आधी मागे, मग खाली. खुर्चीला नुसता स्पर्श होऊ द्या, सांडल्यासारखं बसू नका. खाली जायला तीन सेकंद घ्या. उठताना गुडघे एकमेकांकडे पडत असतील तर ते पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा. ८ ते १२ वेळा, दोन ते तीन फेऱ्या. सोपं झालं की पाच किलोची पिठाची पिशवी छातीशी कवटाळून. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा.

६. पायरी. अख्खं पाऊल पायरीवर, टाचेसकट. धड जरा पुढे. वरच्या पायानंच अंग उचलायचं, खालच्या पायानं उडी मारून चोरी करायची नाही. प्रत्येक पायाला १० वेळा. उतरताना सावकाश, खरा कस तिथे लागतो. पुण्यात राहणाऱ्यांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या फुकट आहेत.

आठवड्याचं गणित

पहिले दोन आठवडे व्यायाम १, २, ३ रोज, दहा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यापासून पहिला सोडा. व्यायाम २ ते ५ करायचे ते आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. पाचव्या आठवड्यापासून पायरी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही प्रौढांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा असंच आहे, त्यामुळे तीन जमले नाहीत तर दोनवर वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या काही आठवड्यांतली सुधारणा मेंदू आणि नसांची असते, मांस भरायला त्याहून वेळ लागतो. टेपनं दर रविवारी मोजू नका.

उरलेल्या तेवीस तासांचं काय? अर्ध्या तासानं एकदा उठा, तेही हात न टेकता. दिवसाला दहा-पंधरा बैठका अशाच होऊन जातात. मागच्या खिशातलं जाड पाकीट काढा, विशेषतः दुचाकीवर. नसेवर दाब येऊन पायात मुंग्या येणारे पुरुष मी बघितलेत आणि इलाज निव्वळ खिसा बदलणं निघाला. बाहेरच्या बाजूला दुखणाऱ्यांनी पायावर पाय टाकून बसू नये, एका पायावर भार टाकून खुबा बाहेर काढून उभं राहू नये. मुलाला कायम एकाच कडेवर घेणाऱ्या आयांचं नेमकं हेच होतं, बाजू बदला. झोपताना दुखरी बाजू वर, आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी. पातळ नको, वरची मांडी खाली लोंबते.

व्यायाम करताना थोडं दुखलं, दहापैकी तीनपर्यंत, आणि सकाळपर्यंत उतरलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाढलेलं असेल तर संख्या निम्मी. खुर्चीच्या बैठकांनंतर मात्र एक-दोन दिवस वेगळंच दुखेल, बोथट, दोन्हीकडे सारखं, आणि मुख्यतः संडासात बसताना. त्या वेळी हात आपोआप जिथे जाईल ती जागा आता तुम्हाला नावानं माहीत आहे. काकूंना चौथ्या दिवशी असंच झालं. दवाखान्यात शिरता शिरता, जावई शेजारी असताना, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "मॅडम, कंबर बरी आहे, पण दोन्ही कुल्ले भरून आलेत."